उसना मी

समितीत कुणी कुणाला नावानं हाक मारत नसे. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे तो देवाच्या नेमासारखा पाळत. इकडे परक्या मुलखात एखाद्याचं नाव सभेत निघालं, की तिकडे मायदेशी त्याच्या म्हाताऱ्या बापाच्या दारावर थाप पडे, भावाची नोकरी जाई. भिंतीला कान असतात म्हणतात. इथे तर गाद्यांनाही असावेत अशी शंका होती, कारण बैठका भरायच्या त्या अध्यक्षांच्या गाद्यांच्या दुकानात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या डबल बेडच्या गाद्यांवर बसून. जरा कुणी हललं की प्लॅस्टिक करकर वाजायचं आणि अर्धं वाक्य त्यात बुडायचं. तर तिथे अध्यक्ष होते, औषधांच्या दुकानात काम करणारे सेक्रेटरी होते, पोळ्या लाटल्यासारखे फलक रंगवणाऱ्या वहिनी होत्या, आणि ताई होती. कोण कुणाची बहीण, कुणाचं कोण गेलंय, हे कुणी विचारत नसे. प्रत्येकाचं कुणी ना कुणी गेलेलंच होतं. जखम ज्यानं त्यानं झाकून आणायची आणि झाकून परत न्यायची.

ताई दुभाषी होती. दवाखान्यात, कोर्टात, पोलीस चौकीत जिथे आपल्या भाषेचा माणूस अडेल तिथे तिला बोलावणं यायचं. या कामाचा एक कडक दंडक असतो. दुभाष्यानं ‘तो म्हणतो’, ‘ती म्हणते’ असं म्हणायचं नाही. बोलणारा ‘मी’ म्हणाला की दुभाष्यानंही ‘मी’ म्हणायचं. पोटात कळ आलेली बाई म्हणाली, मला सहन होत नाही, की ताईनं शांतपणे डॉक्टरला सांगायचं, मला सहन होत नाही. एकदा तर एकाच सकाळी ती घटस्फोट मागणारी बायकोही झाली आणि तो न देणारा नवराही झाली. घरी आली की आई देवापुढची वात सारखी करता करता विचारायची, “आज कोण होतीस गं?”

“आज चोर होते, आई. सायकलचोर.”

“मिळाली का सायकल?”

“नाही. मी चोरलीच नव्हती म्हणे.”

मग दोघी हसायच्या. पण रोज सकाळी आंघोळ झाली की ताई त्याच देवापुढे हात जोडायची तेव्हा हसत नसे. ओट्यावरच्या फळीवर मांडलेले लहानसे देव, एक समई. म्हणायची, “जे कानी पडेल तेच ओठी येऊ दे. माझं त्यात काही मिसळू देऊ नकोस.” हा तिचा नेम. ताप असला तरी चुकला नव्हता.

आईचा नेम याहून अवघड होता. तिनं मीठ सोडलं होतं.

ताईचा धाकटा भाऊ तिकडे एका छापखान्यात कामाला होता. निवडणूक होणार होती ती सरकारनं रातोरात रद्द केली, तेव्हा त्यानं निषेधाची पत्रकं छापली आणि छापखान्यातूनच त्याला उचललं. आई रोज तुरुंगाच्या दारात जाऊन बसायची. आत असा कुणी नाहीच, असं सांगायचे. लग्न करून इकडे आलेली ताई इथून फोनवर फोन करायची. शेवटी आई देवासमोर बोलून बसली, माझा लेक कुठे आहे ते कळेपर्यंत मीठ तोंडात घालणार नाही. पुढे ताईचा नवरा गेला, ताईनं आईला इकडे आणलं. देश सुटला, घर सुटलं, मीठ काही परत आलं नाही. ताई दोन भाज्या करायची, एक अळणी. मिठाचं भांडं मात्र आई रोज आपल्या ताटाशेजारी ठेवून घ्यायची. असतं एकेकाचं.

इकडे समितीचं काम काय, तर इथल्या संसदेनं तिकडच्या जुलमी सरकारला मदत करणं थांबवावं, आमच्या लोकांना मताचा हक्क मिळावा म्हणून आवाज उठवावा. दर वर्षी हे लोक संसदेसमोर फलक घेऊन उभे राहायचे. एखादा खासदार बाहेर यायचा, वहिनींच्या फलकाशेजारी उभा राहून फोटो काढायचा आणि सांगायचा, आम्हाला अतिशय काळजी वाटते.

“यांची काळजी साठवायला मला वेगळं गोदाम घ्यावं लागणार,” अध्यक्ष म्हणायचे.

आणि तिकडच्या पोलिसांना शिकवायला इथून माणसं जायची ती जातच होती. मारायचं कसं हे शिकवत नव्हते, शिस्त शिकवत होते म्हणे.

अशात एक दिवस सेक्रेटरींनी बातमी आणली. तिकडच्या मोठ्या तुरुंगाचा जेलर फुटून इकडे आला होता. ज्याच्या आशीर्वादानं तो मोठा झाला त्या मंत्र्याचीच मान उडाली, तेव्हा हा बायकामुलं घेऊन निसटला. आता त्याला इथे आसरा हवा होता. आणि बदल्यात खासदारांच्या मंडळापुढे साक्ष द्यायला तो तयार होता.

“मांजर दूध प्यायलं आणि आता लोण्याची राखण करणार,” वहिनी म्हणाल्या. “मला नाही पटत.”

“मलाही नाही पटत, वहिनी,” सेक्रेटरी म्हणाले. “पण आपण रडलो की हे लोक रुमाल देतात. तो बोलला तर कायदा देतील. तुरुंग ज्यानं चालवला त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय यांचा विश्वास बसत नाही, त्याला आपण काय करणार?”

अध्यक्षांनी प्लॅस्टिक करकर वाजवत मान डोलावली. खासदारांचं मंडळ नोंदणी असलेला दुभाषीच मान्य करणार होतं, आणि आपल्या भाषेत तसा माणूस एकच होता. सगळ्यांनी ताईकडे पाहिलं.

“मी करीन,” ताई म्हणाली. “पण जे बोलतील तेच बोलेन. एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही, आधीच सांगते.”

“अहो, ते काय सांगायला हवं?” अध्यक्ष म्हणाले.

रविवारी दुपारी दुकान बंद ठेवून तालीम झाली. जेलरसाहेबांसाठी काउंटरमागची एकुलती एक खुर्ची पुसून मांडली, बाकीचे गाद्यांवर. माणूस गुळगुळीत दाढी केलेला, अंगात करडा स्वेटर, आवाज मऊ, पूजा सांगणाऱ्यासारखा. समोरच्या प्रत्येकाला तो ‘बाळ’ म्हणायचा. अध्यक्षांनाही बाळ म्हणाला, आणि अध्यक्षांनी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं. ताईची ओळख सेक्रेटरींनी आपल्या रीतीप्रमाणे करून दिली, “या आमच्या ताई. तुमचं बोलणं या बोलतील.”

“छान. आवाज गोड आहे, बाळ,” साहेब म्हणाले.

त्यांच्या इथल्या वकिलानं त्यांना सेक्रेटरींमार्फत आधीच पढवून ठेवलं होतं. इथला कायदा असा, की ज्यानं स्वतःच्या हातानं कैद्यांचे हाल केले त्याला आसरा नाही, उलट त्याच्यावर इथेच खटला भरतात. म्हणून साहेबांनी इतकंच म्हणायचं: मी पाहिलं, मी ऐकलं, वरून हुकूम यायचे, माझा हात कुणाला लागला नाही. आणि बोलता बोलता गाडी घसरू लागली तर समोर बसलेले सेक्रेटरी चष्मा काढतील. चष्मा काढला की साहेबांनी थांबायचं.

तालीम चांगली झाली. मग चहा आला आणि साहेब सैलावले. खुर्ची मिळाली, समोर माणसं खाली बसलेली, हातात कप. जुन्या दिवसांची आठवण यायला आणखी काय लागतं?

“लोक म्हणतात, तुरुंग म्हणजे मारझोड,” ते म्हणाले. “खरं तर डोकं लागतं, बाळ. माझ्याकडे एक पोरगं होतं, छापखान्यातलं. नखांत शाई. हा संध्याकाळी खिडकीशी उभा राहून शीळ घालायचा. एक लांब सूर, मग वर चढवायचा आणि एकदम तोडायचा. तोडला की सबंध बराक उत्तर द्यायची. आता याला काय म्हणाल? भाषणबंदी केली असती, पण शिळेवर बंदीचा नियमच नाही. मी प्रेमानं समजावलं. ऐकेना. मग म्हटलं, शीळ कुठून निघते? दातांतून. तर बाहेर आणलं आणि दात काढले. मी स्वतः. शिपायांना सांगितलं की ते घाण करून ठेवतात.”

साहेबांनी चहाचा घोट घेतला. “आणि गंमत बघा, दुसऱ्या संध्याकाळी त्या बोळक्या तोंडानंच तो फुंकायला लागला. हवाच नुसती. तरी बराकीनं उत्तर दिलं. मग मात्र माझा इलाज नव्हता.”

कुणी तरी हसल्यासारखा आवाज केला. घाबरला की माणूस हसतो, तसा. प्लॅस्टिक करकरलं. सेक्रेटरी घसा साफ करून म्हणाले, “साहेब, हे तिथे नको. हे इथेच राहू दे.”

“म्हणजे काय. मला कळत नाही का?”

ताईच्या हातात पेन्सिल होती. दुभाष्याला टिपणं घ्यायची सवय असते, हात आपोआप चालतो. तो चालत राहिला. एक लांब सूर, मग चढलेला, मग तोडलेला. ताईच्या लग्नाआधी छापखान्यातून घरी येताना धाकटा गल्लीच्या तोंडाशीच ही शीळ घालायचा, म्हणजे ताईनं दार उघडून ठेवायचं. तिलाही त्यानंच लहानपणी शिकवली होती, माळ्यावर लपून. बाईमाणसानं शीळ घालू नये म्हणून आईनं दोघांना लाटणं दाखवलं होतं.

“साहेब,” ताई म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, “पुढेमागे शब्द अडायला नको म्हणून विचारते. त्याला मग ठेवलं कुठे?”

“चुन्याच्या खाणीत. तुरुंगाच्या मागे. सगळे तिथेच आहेत.”

ताईनं मान हलवली. चहाचा कप विसळून ठेवला. वहिनींना म्हणाली, बस चुकेल माझी.

घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. दातांचंही सांगितलं, कारण लपवलं असतं तर आईनं तोंडावरून ओळखलंच असतं. आई ऐकत राहिली. समईत तेल घालायला घेतलं होतं, ते घालून झालं, तिनं हात पुसले, बसली. ताईनं दोन ताटं वाढली आणि मिठाचं भांडं आईपुढे सरकवलं.

“कळलं ना आई, कुठे आहे तो. तुझा नवस फिटला. घे आता.”

आईनं भांड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “मला कळलं,” ती म्हणाली. “जगाला कुठे कळलंय? गाद्यांवर बसून सांगितलेलं सांगणं नव्हे. जिथे बोललेलं पुसता येत नाही तिथे बोलू दे त्याला, त्याच तोंडानं. मग घेईन.”

“आई, तो तिथे हे बोलणार नाही. त्याला पढवलंय.”

“तू आहेस ना त्याची जीभ?”

“माझा नेम आहे, आई. माझं काही मिसळायचं नाही.”

“मग नको मिसळूस. मी काय सांगितलं मिसळायला?” आईनं अळणी घास तोंडात घातला. “देव क्षमा करतो म्हणतात. करू दे की. मी कुठे देव आहे?”

खरं तर ताईनं दुसऱ्याच दिवशी ऑफिसात कळवायला हवं होतं, की या साक्षीत माझ्या घरचा माणूस निघाला, दुसरा दुभाषी बघा. नियम तसाच होता. तिनं कळवलं नाही. त्या सकाळी देवापुढे हात जोडले आणि रोजचे शब्द तोंडात आले, ते तिनं अर्ध्यावर गिळले. देवापुढे तरी खोटं कशाला बोलायचं?

साक्षीची खोली उंच छताची, गालिचा असा की चाहूलच लागू नये. अर्धगोल टेबलामागे खासदार, प्रत्येकापुढे पाण्याचा पेला आणि माइकवर लाल दिवा. मधोमध मंडळाच्या प्रमुख, पांढऱ्या केसांच्या एक बाई. समोर लहान टेबलाशी साहेब आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून ताई. मागच्या रांगेत वकील, अध्यक्ष आणि वहिनी. सेक्रेटरींना बाजूची खुर्ची दिली होती, साहेबांना दिसेल अशी. बोललेलं सगळं दोन्ही भाषांत टेपवर जात होतं.

साहेब बोलू लागले आणि ताई बोलू लागली.

“मी त्या तुरुंगाचा जेलर होतो,” ती त्यांच्या भाषेत म्हणाली. “मी पाहिलं. मी ऐकलं. मला वरून हुकूम यायचे. माझा हात कुणालाही लागला नाही. घरी गेलो की मी रडायचो.” साहेबांच्या दाढीच्या साबणाचा वास तिच्या नाकात जात होता. एकेक ‘मी’ तोंडातून बाहेर टाकताना, ताटात आलेला खडा बाजूला काढावा तसं तिला होत होतं, आणि खडे संपत नव्हते. काही खासदार टिपून घेत होते. टोकाला बसलेला एक तरुण खासदार टेबलाखाली मोबाइल पाहत होता. अतिशय काळजी वाटण्याची ही नेहमीची खोली होती. आज संध्याकाळी रुमाल मिळणार, आणखी काही नाही, हे मागे बसलेल्या अध्यक्षांनाही कळू लागलं होतं.

मग प्रमुख बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, “आकडे आणि हुकूम आम्हाला समजले. एखाद्या कैद्याबद्दल काही सांगू शकाल का? म्हणजे आम्हाला माणूस दिसेल.”

ताई साहेबांकडे वळली. प्रश्न त्यांच्या कानी घालायचं काम तिचंच होतं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा, शांतपणे, आपल्या पदरचं त्यात घातलं.

“साहेब, त्या म्हणतात, छापखान्यातल्या त्या शीळ घालणाऱ्या पोराचं सांगा. परवा दुकानात सांगितलंत तसंच. काही गाळू नका, नाहीतर यांना पटायचं नाही.”

मागच्या रांगेत वहिनींनी अध्यक्षांकडे पाहिलं. खासदारांना काय, त्यांना प्रश्न जरा लांबलेला वाटला एवढंच. पण आपल्या भाषेची माणसं त्या खोलीत होती, आणि त्यांच्यातल्या कुणीही उठून म्हणू शकत होतं, की प्रश्न असा नव्हता. वकील इकडचा, त्याला भाषा येत नव्हती. तो निश्चिंत मनानं पाणी पीत होता.

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं.

सेक्रेटरींचा हात वर गेला. दोन बोटं चष्म्याच्या दांडीला लागली. ताई पाहत होती. त्या दोन बोटांवर आईचं मीठ अडकलं होतं. बोटं तिथे थांबली. आणि सेक्रेटरींनी चष्मा नाकावर नीट बसवला, आणखी घट्ट, आणि हात मांडीवर ठेवला.

साहेबांची आठी गेली. वाटलं असेल, बेत बदलला, मला सांगायचं राहिलं. ते खुर्चीत मागे रेलले.

“माझ्याकडे एक पोरगं होतं,” त्यांनी सुरुवात केली.

ताईनं तिथून पुढे एक अक्षर बदललं नाही. शाईची नखं आली, खिडकी आली, शीळ आली. साहेब थांबले की ती बोलायची, ती थांबली की साहेब. “मी विचार केला, शीळ कुठून निघते? मी त्याला बाहेर आणलं. मी स्वतः त्याचे दात काढले.” भावाचे दात तिनं आपल्या तोंडानं पाडले, स्पष्ट उच्चारात, घाई न करता. “दुसऱ्या संध्याकाळी तो पुन्हा फुंकू लागला, तेव्हा माझा इलाज उरला नाही. मी त्याला चुन्याच्या खाणीत टाकला. सगळे तिथेच आहेत.”

तरुण खासदाराचा मोबाइल टेबलावर पालथा पडला. पेनं थांबली. वकिलाचा पेला ओठांशीच राहिला. खोलीत अशी शांतता पसरली की माइकची गुणगुण ऐकू येऊ लागली. ही शांतता साहेबांच्या ओळखीची होती. तिकडे ते बराकीत शिरले की अशीच पडायची. त्यांना ती मानाची वाटली.

वकील उठून काही म्हणू लागला, पण प्रमुख बाईंनी हातानं त्याला बसवलं आणि साहेबांना विचारलं, “हे तुम्ही स्वतः केलंत? कुणाच्या हुकमानं?”

ताईनं हा प्रश्न जसाच्या तसा दिला. आता काही मिसळायची गरजच नव्हती.

साहेब हसले. “बाळ, माझ्या तुरुंगात माझ्याशिवाय कुणाचा हुकूम?”

“बाळ, माझ्या तुरुंगात,” ताई म्हणाली, “माझ्याशिवाय कुणाचा हुकूम?” बाळ हा शब्दही तिनं गाळला नाही. प्रमुख बाईंना त्यांच्याच भाषेत बाळ म्हटलेलं ऐकू आलं, आणि त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये अध्यक्षांनी ताईला गाठलं. “काय केलंत हे? आपलाच साक्षीदार बुडवलात. आता यांनी तोंड फिरवलं तर इतक्या वर्षांचं सगळं मातीत.”

“तुम्ही उठायचं होतं. सांगायचं होतं की ताई खोटं विचारतेय.”

“पायच उठेनात,” अध्यक्ष म्हणाले.

वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. “माझे उठत होते,” त्या म्हणाल्या. “मी दाबून धरले.”

सेक्रेटरी मागून आले. चष्मा आता हातात होता, आणि ते तो उगाचच पुसत होते. “माझा मेव्हणा त्याच बराकीत होता,” ते म्हणाले. “सुटून आला. अजून संध्याकाळ झाली की खिडकीशी जाऊन उत्तर देतो. आम्हाला कळायचंच नाही, कुणाला देतो ते.” मग ताईकडे पाहून हळूच म्हणाले, “तुमचा कोण?”

“धाकटा.”

इतक्या वर्षांत समितीत कुणी कुणाला विचारलेला हा पहिला प्रश्न.

खासदारांनी तोंड फिरवलं नाही. रडणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती, चहा पीत सांगावं तसं सांगणारा पहिल्यांदाच पाहिला. त्या अधिवेशनातच ठराव झाला: तिकडच्या पोलिसांना शिकवायला माणसं पाठवणं बंद, तिकडच्या मंत्र्यांना इथे यायला बंदी, आणि निवडणूक घ्या म्हणून उघड मागणी. राज्य काही लगेच उलथलं नाही. पण अध्यक्ष म्हणाले त्याप्रमाणे गोदामातली काळजी थोडी कमी झाली.

साहेबांना आसरा नाकारला गेला. परत पाठवावं तर तिकडचे मारतील, म्हणून इथेच कोठडी, इथेच खटला. पुढे खटल्यात वकिलानं टेप ऐकवून दाखवली, की दुभाषिणीनं प्रश्न बदलला होता. सरकारी वकील म्हणाले, प्रश्न बदलला असेल, उत्तर कुणी बदललं?

पण टेप वाजायच्या कितीतरी आधी, साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी, ताई ऑफिसात गेली आणि आपला बिल्ला टेबलावर ठेवला. तिथली बाई म्हणाली, तुमच्याबद्दल तर कुणाची तक्रार नाही. ताई म्हणाली, “माझीच आहे.” घरी येऊन तिनं देवापुढे हात जोडले नाहीत. नुसती बसून राहिली. मोडलेला नेम देवापुढे कसा ठेवायचा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या दिवशीही आईनं मीठ घेतलं नाही.

“आई, आता काय राहिलं?” ताई थकून म्हणाली. “बोलला तो. भर खोलीत बोलला. टेपवर आहे.”

“त्याला कळलं का, कुणी बोलायला लावलं ते?”

“नाही.”

“मग त्याला वाटत असेल, नशिबानं घात केला.” आईनं मान हलवली. “नशिबाच्या माथी कशाला? त्याला कळू दे.”

खटला सुरू व्हायच्या आधीच बोलावणं आलं, तेही साहेबांकडूनच. कोठडीत त्यांना दुसरा दुभाषी दिला होता, पण त्यांना तो पसंत नव्हता. त्या ताईला आणा, माझं बोलणं तिच्यासारखं कुणी बोलत नाही, असा त्यांनी धोशा लावला. ताई आता दुभाषी राहिली नव्हती, ती भेटायला आलेली बाई म्हणून गेली. मध्ये जाड काच, दोन्ही बाजूंना फोन. साहेबांचा करडा स्वेटर ढिला झाला होता. त्यांनी घाईघाईनं रिसीव्हर उचलला.

“आलीस, बाळ. बरं झालं. या लोकांनी माझ्या बोलण्याचा भलताच अर्थ घेतलाय. तू जरा समजावून सांग त्यांना. तुला कळतं, मी कशा अर्थानं बोललो.”

“मला कळतं, साहेब.”

“मग सांग ना त्यांना.”

ताईनं रिसीव्हर तोंडाजवळ धरला, ओठ मुडपले, आणि शीळ घातली. माळ्यानंतर कधी घातली नव्हती, म्हणून आधी नुसती हवाच आली. मग सूर लागला. लांब, मग चढता, मग एकदम तोडलेला.

दारातला शिपाई वळून पाहू लागला. पलीकडच्या काचेशी बसलेला कुणीतरी कैदी हसला. साहेब हसले नाहीत. रिसीव्हर त्यांच्या कानाला तसाच होता, पण तोंड उघडं पडलं होतं आणि पुढचे सगळे दात दिसत होते, छान, एकसारखे.

“त्याच्या घरी एक बहीण होती,” ताई म्हणाली. “ही शीळ आली की दार उघडायची. तुमच्या शेजारी बसून मीच ते दार उघडलं, साहेब. प्रश्न बाईंचा नव्हता. माझा होता.”

साहेबांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“तू... तुझं नाव काय?” साहेबांनी विचारलं. आवाजातला मऊपणा गेला होता.

“आमच्यात नाव सांगत नाहीत,” ताई म्हणाली. “शोधत बसा. तुमच्याकडे इतकी पोरं येऊन गेली, त्यातल्या प्रत्येकाला बहीण असेल.”

तिनं रिसीव्हर जागेवर ठेवला. काचेपलीकडे साहेब बोलत होते, काचेवर तळवे आपटत होते. ओठांवरून कळत होतं, बाळ, बाळ. ते बोलणं कुणाच्याही तोंडी जाणार नव्हतं. ताईनं पदर सारखा केला आणि ती निघाली.

घरी आई ताटं वाढून बसली होती. ताईनं हातपाय धुतले, समईची वात पुढे सारली आणि खूप दिवसांनी हात जोडले. काय मागावं सुचेना, म्हणून काहीच मागितलं नाही.

“आज कोण होतीस गं?” आईनं विचारलं.

“मीच होते, आई.”

आईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. नीट, दिव्याच्या उजेडात. मग मिठाचं भांडं ओढलं, चिमूट उचलली, भातावर टाकली आणि घास घेतला. तिचं सगळं तोंड वेडंवाकडं झालं, डोळ्यांतून पाणी आलं.

“किती खारट असतं गं हे,” ती म्हणाली, आणि आणखी चिमूटभर घेतलं.